हा धर्मगुरू कोणाचा?



गेल्या पंधरवड्यात आमच्या टेबलावर एक जाड पाकीट येऊन पडले. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून एका आजींनी ते पाठविले होते. मजकूर आजींचा, अक्षर नातीचे. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. पत्राचा सारांश असा की, त्यांचा थोरला नातू मोठ्या शहरात नोकरीस आहे. तेथे एका भाड्याच्या सभागृहात दर रविवारी लॅटिन भाषेत मिस्सा होते. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे राहतात, स्त्रिया डोक्यावर पदर घेतात, सर्वजण गुडघे टेकून जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेतात. नातू तेथे वर्षभर जात आहे. पूर्वी रविवार चुकविणारा हा मुलगा आता रोज रात्री जपमाळ म्हणतो. आता त्याचे लग्न ठरले असून तेथील बिशप म्हणविणाऱ्या गृहस्थांनी ते जुन्या विधीने लावून देण्याचे कबूल केले आहे. गावच्या देवळात लग्न नको, असे नातवाचे म्हणणे.

आजी पुढे लिहितात, “मास्तर, मी लहानपणी हीच मिस्सा ऐकली. आमचे पाद्री असेच उभे राहत. मग यात वाईट ते काय? विगार म्हणतात, हे लग्न धरले जाणार नाही. नातू म्हणतो, आमचे बिशप खरे बिशप आहेत, हा पाहा पुरावा.” तो पुरावा आजींनी सोबत जोडला होता. एक छापील पत्रक. त्यात कोणी कोणास बिशपपदाची दीक्षा दिली याची लांबलचक वंशावळ. मध्यावर नातीने पेन्सिलीने एक नाव अधोरेखित केले होते : आल्वारिश, गोवा. त्यापुढे कोलंबो, १८९२. आणि आजींचा प्रश्न : “यात तर आपल्या गोव्याचेच नाव आहे. मग हे आपलेच नव्हेत काय?”

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यात एका मुलाचे लग्न गुंतले आहे, आणि एका वृद्ध स्त्रीची श्रद्धाही. म्हणून आज या सदराची नेहमीपेक्षा अधिक जागा त्यास देत आहोत.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. लॅटिन हा दोष नव्हे. १५७० साली परमगुरुस्वामी पायस पाचवे यांनी प्रसिद्ध केलेल्या मिस्साग्रंथाप्रमाणे शतकानुशतके आपल्या पूर्वजांनी मिस्सा ऐकली आणि त्याच मिस्सेने संत घडविले. १९७० सालच्या नव्या मिस्साग्रंथानंतरही जुना विधी ख्रिस्तसभेतून पुसला गेला नाही. २००७ साली बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यास विस्तृत मोकळीक दिली. २०२१ साली फ्रान्सिस यांनी ती पुष्कळशी आवरून बिशपांच्या हाती सोपविली. याविषयी सज्जनांत मतभेद आहेत आणि ते असू शकतात. संत पेत्राच्या नावाने १९८८ साली स्थापन झालेला धर्मगुरूंचा एक संघ केवळ याच जुन्या विधीसाठी रोमच्या संमतीने काम करीत आला आहे. तेव्हा कोणी लॅटिन बोलतो म्हणून तो बंडखोर, असे म्हणणे अन्यायाचे आहे. आणि लॅटिन बोलतो म्हणून तो अधिक कॅथॉलिक, असे म्हणणेही तितकेच पोकळ. विधी, वस्त्रे, मेणबत्त्या, धूप यांवरून धर्मगुरू ओळखता येत नाही. हे सारे बाजारात विकत मिळते.

मग ओळखावा कसा? येथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात, आणि नातू व विगार यांचा वाद नेमका येथेच अडला आहे. पहिला प्रश्न : हा मनुष्य खरोखर धर्मगुरू आहे काय? दुसरा : त्यास येथे हे कार्य करण्याचा अधिकार कोणी दिला? नातू पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, विगार दुसरा विचारीत आहेत.

आपल्या नित्याच्या व्यवहारातले उदाहरण घ्या. तलाठी म्हणून रीतसर नेमणूक झालेला, परीक्षा उत्तीर्ण, अक्षर मोत्यासारखे, स्वभावाने आपल्या तलाठ्याहून दहापट गोड असा एक गृहस्थ आहे. परंतु त्याची नेमणूक दुसऱ्या सजेत आहे, किंवा त्यास पदावरून दूर केले आहे. त्याने तुमच्या शेताच्या फेरफारावर सही केली. शाई खरी, सही खरी. फेरफार मात्र उभा राहत नाही. पुढे वाटणीच्या वेळी भावाभावांत तंटा लागला की त्या कागदाची किंमत कळते. दाखला धर्मगुरूंना सर्वस्वी लागू पडत नाही, कारण गुरुदीक्षेचा ठसा आत्म्यावर उमटतो व तो कोणी काढून घेऊ शकत नाही. तथापि लग्न आणि पापनिवेदन, ज्यास आपण घरोघरी कुमसार म्हणतो, या दोन संस्कारांना तो बराचसा लागू पडतो. या दोहोंसाठी केवळ दीक्षा पुरत नाही, अधिकारही लागतो.

ही भेदाची रेषा फार जुनी आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातुसपंथीय म्हणत की, छळाच्या काळी जो कचरला त्या बिशपाचे संस्कार रद्द. हिप्पोचे बिशप संत आगस्तीन यांनी आयुष्याची कित्येक वर्षे या मताशी झगडण्यात घालविली. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे, की संस्कार देणारा मुळात ख्रिस्त आहे, म्हणून मनुष्याच्या अपात्रतेने संस्कार बुडत नाही. पण त्याच आगस्तीनांनी हेही बजावले की, संस्कार खरा असला तरी सभेपासून फुटून घेतलेल्या संस्काराचे फळ मनुष्यास मिळेलच असे नाही. पहिला अर्धा भाग सर्वांना पाठ असतो, दुसरा सोयीस्करपणे विसरला जातो.

आता आजींच्या पत्रकातील त्या गोव्याच्या नावाकडे वळू. ही कथा आपल्या घरची आहे आणि ती नीट कळली तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतील.

आंतोनियु फ्रांसिस्कु शावियेर आल्वारिश यांचा जन्म १८३६ साली गोव्यात वेर्णे येथे झाला. ते कॅथॉलिक धर्मगुरू झाले. लेखणी तिखट, वृत्तपत्रे चालविण्याची हौस दांडगी, आणि राज्यकर्त्यांपुढे मान न वाकविण्याचा बाणा. त्या काळी हिंदुस्थानातील कित्येक देवळे पोर्तुगालच्या राजाच्या धार्मिक आश्रयाखाली, म्हणजे पाद्रोआदोखाली होती, तर कित्येक रोमच्या प्रचारसंस्थेने नेमलेल्या बिशपांखाली. एकाच गावात दोन देवळे, दोन पाद्री आणि दोन तट, असे प्रकार घडत. २३ जून १८८६ रोजी तेरावे लिओ व पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि सिलोनातील व अन्य ठिकाणची अनेक देवळे गोव्याच्या अधिकारातून निघून युरोपीय मिशनरी बिशपांकडे गेली. ज्या लोकांना पिढ्यान् पिढ्या गोमंतकीय पाद्रींनी सांभाळले, ज्यांची भाषा व सणवार त्यांना ठाऊक होते, त्या लोकांना एका कागदाने परक्यांच्या हवाली केले अशी त्यांची भावना झाली. ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन होईपर्यंत हा मुलूखही गोव्याच्याच आर्चबिशपांखाली होता. तेव्हा त्या कराराची रेषा थोडी इकडे तिकडे झाली असती तर आपल्याही आजोबा-पणजोबांनी हाच आक्रोश केला असता.

सिलोनातील असंतुष्टांनी आल्वारिश यांस साद घातली. गोव्याच्या तत्कालीन आर्चबिशपांशी त्यांचे आधीच बिनसले होते. त्यांनी केरळची वाट धरली. अंत्युखियाच्या सिरियन पॅट्रिआर्कच्या अनुज्ञेने २८ जुलै १८८९ रोजी मलंकर सभेच्या बिशपांनी त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली. दीक्षा देणाऱ्यांत परुमलचे मार ग्रेगोरियोस होते, ज्यांना ती सभा आज संत मानते. आल्वारिश मार यूलियुस झाले. सिलोन, गोवा व हिंदुस्थान यांची स्वतंत्र कॅथॉलिक सभा, असे त्यांनी आपल्या मंडळीस नाव दिले. लक्षात घ्या, विधी लॅटिनच ठेवला. देवळात जाणाऱ्या सामान्य माणसास काहीच बदललेले दिसले नसेल.

गोव्यात परतल्यावर त्यांचे हाल झाले. पणजीत त्यांना अटक करण्यात आली, अंगावरची बिशपाची वस्त्रे व चिन्हे उतरविण्यात आली. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, परंतु ती वस्त्रे त्यांना पुन्हा लाभली नाहीत. पुढे ते साधा काळा झगा घालून वावरले. गोरगरिबांसाठी त्यांनी आश्रयगृह चालविले, पटकीच्या साथीत उपचारांची माहिती छापून वाटली, कुष्ठरोग्यांची सेवा केली, आणि त्यासाठी दारोदार भिक्षाही मागितली. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदर येथे त्यांचा अंत झाला. अखेरपर्यंत ते रोमशी समेट करावयास आले नाहीत. रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स देवळात त्यांचे अवशेष आहेत आणि ती मंडळी त्यांना पूज्य मानतात.

अशा मनुष्याविषयी तुच्छतेने लिहिणे आम्हास जमणार नाही. तो लबाड नव्हता, द्रव्यलोभी नव्हता, आणि त्याची दीक्षाही पोकळ नव्हती. पूर्वेकडील प्राचीन सभांची गुरुदीक्षा रोम खरी मानते. म्हणजे नातवाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आल्वारिश यांच्यापुरते ‘होय’ असेच येते. असे असूनही ही कथा तेथे थांबत नाही, आणि खरी शिकवण त्यापुढे आहे.

१८९२ साली अमेरिकेतून जोसेफ रने व्हिलात नावाचे एक धर्मगुरू कोलंबोस आले. जन्माने पॅरिसचे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बेल्जियन वस्त्यांमध्ये काम करीत. गुरुदीक्षा त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये जुन्या कॅथॉलिक म्हणविणाऱ्या पंथाच्या बिशपांकडून घेतलेली. त्यांना बिशप व्हावयाचे होते आणि त्या पंथाशी त्यांचे जमेना. २९ मे १८९२ रोजी कोलंबोच्या हुल्ट्सडॉर्प भागातील देवळात आल्वारिश यांनी सिरियन बिशपांसह त्यांच्या मस्तकावर हात ठेवला. व्हिलात परतले. मग त्यांनी एकास दीक्षा दिली, त्याने दुसऱ्यास, दुसऱ्याने चौघांस. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स येथे या वंशावळीचे बिशप उगवू लागले. कोणाची सभा दहा माणसांची, कोणाची केवळ पत्रमाथ्यावर. कित्येकांनी एकाहून अधिक वंशावळी मिळविण्यासाठी पुन्हा पुन्हा दीक्षा घेतल्या, जणू बिशपपद हे औषधाचे डोस आहेत.

आजींच्या हातातील पत्रकात गोव्याचे नाव आले ते या वाटेने. वेर्ण्याच्या ज्या पाद्रीने आपल्या लोकांची देवळे परक्यांकडे जाऊ नयेत म्हणून भांडण मांडले, त्याच्या हाताचा दाखला आज असे लोक दाखवितात, ज्यांतील बहुतेकांनी वेर्णे नकाशावरही पाहिले नसेल. सिलोनातील ती चळवळ कालांतराने ओसरली. कर्नाटकात ब्रह्मावर येथे मात्र फादर नरोन्हा यांच्यासारख्या अनुयायांनी खऱ्या गावात, खऱ्या कुटुंबांत काम केले. ती मंडळी मलंकर ऑर्थोडॉक्स सभेत टिकून राहिली, आणि २०१० पासून ब्रह्मावर हा त्या सभेचा धर्मप्रांत आहे. ते आपल्याहून वेगळे झालेले बंधू आहेत. त्यांचा बिशप कोण, तो कोणास जबाबदार, हे कोणीही सांगू शकतो. व्हिलातच्या वंशावळीत नावे सापडतात, गावे सापडत नाहीत.

आणि स्वतः व्हिलात? १९२५ साली त्यांनी पॅरिस येथे आपली चूक मान्य करून रोमशी समेट केला आणि व्हर्साय येथील एका मठाच्या आश्रयाने राहून १९२९ साली देह ठेवला. ज्या घरातून मूळपुरुष बाहेर पडला त्या घरात त्याचे वंशज मोठ्या अभिमानाने राहत आहेत.

अशीच गोष्ट व्हिएतनामचे आर्चबिशप न्गो दिन्ह थुक यांची. त्यांच्या भावांची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष झिएम आदींची, १९६३ साली हत्या झाली. ते परदेशी निर्वासित झाले. वार्धक्यात, जानेवारी १९७६ मध्ये, त्यांनी स्पेनमधील पाल्मार द त्रोया येथे दर्शने झाल्याचा दावा करणाऱ्या काही पुरुषांना बिशप केले. रोमने त्याच वर्षी जाहीर केले की, या दीक्षा ख्रिस्तसभा मानीत नाही व मानणार नाही. १९७८ साली त्यांच्यातील एकाने स्वतःस परमगुरुस्वामी म्हणवून घेतले. थुक यांनीही मृत्यूपूर्वी, १९८४ साली, समेट केला. पण त्यांच्या नावाच्या वंशावळी छापल्या जात आहेतच.

सर्वांना एकाच तागडीत तोलू नये. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० साली स्थापिलेला संत पायस दहाव्याचा बंधुसंघ ही निराळी बाब आहे. ते डकारचे आर्चबिशप होते, भटके नव्हते. १९७६ साली त्यांना निलंबित करण्यात आले. ३० जून १९८८ रोजी रोमच्या आज्ञेविरुद्ध त्यांनी चौघांना बिशप केले व त्यायोगे बहिष्कार ओढवून घेतला. २००९ साली बेनेडिक्ट सोळावे यांनी त्या चार बिशपांवरील बहिष्कार उठविला. फ्रान्सिस यांनी २०१५ साली दयेच्या वर्षासाठी या संघाच्या धर्मगुरूंना कुमसार ऐकण्याचा अधिकार दिला आणि २०१६ साली तो पुढेही चालू ठेवला. २०१७ साली त्यांच्या लोकांच्या लग्नांविषयी रोमने स्थानिक बिशपांना सवलत दिली. ती अशी की शक्य तेथे धर्मप्रांताच्या धर्मगुरूने वधूवरांची संमती घ्यावी, आणि तसे न जमल्यास बिशपांनी त्या संघाच्या धर्मगुरूस अधिकार द्यावा. या संघाचे व रोमचे संबंध पुढे मागे सरकत आले आहेत, म्हणून लग्नकार्य असेल तेव्हा त्या घटकेची स्थिती आपल्या बिशपांच्या कार्यालयातच विचारावी. परंतु आजींनी एवढे ध्यानी घ्यावे : ज्यांच्या गुरुदीक्षेविषयी रोमला शंका नाही, ज्यांना कुमसाराचा अधिकार स्वतः परमगुरुस्वामींनी दिला, त्यांनाही लग्नासाठी स्थानिक बिशपांचा हात लागला. मग ज्या गृहस्थांस कोणाचाच हात नाही, त्यांचे काय?

आता नातवासाठी दोन शब्द. तो या सदराचा वाचक नाही, पण आजी त्यास वाचून दाखवितील असा आमचा कयास आहे. बाळा, तू त्रिदेंतच्या मिस्सेवर प्रेम करतोस, उत्तम. मग त्रिदेंतचेच ऐक. त्याच त्रिदेंत धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये लग्नाविषयी एक कडक नियम घातला. त्या काळी चोरून लग्ने होत. पुरुष एकीशी गुपचूप लग्न लावी, पुढे नाकारी आणि दुसरीशी उघड लग्न करी. पहिलीजवळ पुरावा नसे, मुले उघड्यावर पडत. म्हणून परिषदेने ठरविले की लग्न स्वतःच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूपुढे, किंवा त्याच्या वा बिशपाच्या अनुज्ञेने दुसऱ्या धर्मगुरूपुढे, आणि दोन-तीन साक्षीदारांसमक्ष लागले पाहिजे. नाही तर ते लग्नच नव्हे. १९०७ साली पायस दहाव्यांनी हाच नियम अधिक स्पष्ट करून बहुतेक सर्वत्र लागू केला. आजच्या कॅनन कायद्यातही मूळ तत्त्व तेच आहे. ज्या बिशपांनी विगारास वगळून तुझे लग्न लावून देण्याचे कबूल केले, ते वस्त्रे त्रिदेंतची घालतात आणि नियम त्रिदेंतचाच मोडतात. विगार जे सांगतात ते कालपरवाचे नाही. ते तुझ्या लॅटिन मिस्साग्रंथाहून सात वर्षांनी जुने आहे.

हा नियम मुलीकडच्यांसाठी ढाल म्हणून जन्मास आला, हेही विसरू नये. आपल्या नववधूस ही ढाल नाकारण्याचा अधिकार कोणत्याही नवऱ्या मुलास नाही.

धर्मगुरू कोणाचा, हे विचारावयाची रीतही जुनीच आहे. ४५१ साली खाल्सेदोन येथील धर्मपरिषदेने ठरविले की, कोणासही अधांतरी दीक्षा देऊ नये. नगरातील वा गावातील देवळाशी, हुतात्म्याच्या समाधिस्थानाशी किंवा मठाशी त्याची नेमणूक जोडलेली असावी. आजही प्रत्येक धर्मगुरू कोणत्या तरी धर्मप्रांताचा किंवा संघाचा असलाच पाहिजे. बेवारस धर्मगुरू असा वर्गच कायद्यात नाही. परगावच्या धर्मगुरूने आपल्या बिशपाचे किंवा संघप्रमुखाचे अलीकडचे, निदान वर्षाच्या आतील पत्र दाखविले तर अनोळखी देवळातही त्यास मिस्सा करू द्यावी, असा नियम आहे. तेव्हा पत्र मागणे म्हणजे अपमान नव्हे. आमच्या गावी सणाच्या प्रवचनासाठी दूरच्या मिशनातून आलेले एक वृद्ध फादर विगारांनी विचारण्याआधीच झग्याच्या खिशातून घडी घातलेले पत्र काढून पुढे करीत. रेल्वेच्या तिकिटासारखे ते त्यांच्यापाशी नेहमी असे. ज्यास पत्र विचारले की राग येतो, किंवा जो पत्राऐवजी वंशावळ पुढे करतो, त्याविषयी सावध असावे. मिस्सेत परमगुरुस्वामींचे नाव घेतले जाते, हा पुरावा मात्र अपुरा आहे. नाव घेणे सोपे, आज्ञा मानणे कठीण.

काही वाचकांच्या मनात भय उत्पन्न झाले असेल, ते दूर करतो. अशा मंडळींकडे कोणाच्या लेकराचा बाप्तिस्मा पाण्याने व पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झाला असेल, तर तो बाप्तिस्मा खरा असतो. विगारांकडे जाऊन त्याची नोंद करून घ्यावी, मूल पुन्हा पाण्याखाली धरू नये. कोणी मरणाच्या दारी असेल आणि जवळ अन्य कोणी नसेल, तर खरी दीक्षा मिळालेला कोणताही धर्मगुरू, मग तो निलंबित का असेना, त्यास पापमुक्ती देऊ शकतो. त्या वेळी ख्रिस्तसभा कागद मागत नाही. आणि कोणाचे लग्न आधीच अशा ठिकाणी लागले असेल, तर घाबरून जाऊ नये व गावात बभ्राही करू नये. विगारांकडे जावे, बहुधा थोड्या दिवसांत ते रीतसर करून घेता येते. अशा लग्नाच्या मुलांना कोणी काही बोलेल तर त्यास आमच्याकडे पाठवावे.

आता आपल्याही पदरात डोकावू. हा नातू तेथे गेला तरी का? आजींच्या पत्रात एक वाक्य आहे, जे आम्ही तीनदा वाचले : “तेथे मिस्सेनंतर पाद्री अर्धा तास एकटे गुडघ्यावर बसतात, असे तो सांगतो.” आमच्याकडे मिस्सेनंतर काय होते, ते वाचकांना सांगावयास नको. ध्वनिवर्धकातून सूचना, लिलावाचे आकडे, कुजबुज, मोबाईलची घंटी. मागे एका सणाला आम्ही स्वतः शेवटच्या गीताच्या आत बाहेर पडून वडाखाली चहा पीत उभे होतो, हे कबूल करतो. आल्वारिश यांच्या वेळीही लोकांचे दुखणे खरे होते. ते वेळीच कोणी ऐकून घेतले असते तर कोलंबोचे ते देवळ फुटले नसते, असे आम्हास वाटते. मुलास श्रद्धेची भूक लागली आणि त्याने बाहेर खाल्ले, तर घरी स्वयंपाक कसा होता हेही पाहावे लागेल.

आजींना आम्ही टपालाने असे कळविले आहे : नातवाशी भांडू नका. त्यास म्हणा, तुझ्या बिशपांना घेऊन ये, आणि येताना त्यांच्यावरील बिशपाचे पत्र घेऊन येऊ दे, वंशावळ नको. पत्र असेल तर विगार स्वतःच त्यांना लग्न लावण्याची अनुज्ञा देऊ शकतील. नसेल, तर लग्न गावच्या देवळात होऊ दे, पण विगारांना विनंती करा की गायन लॅटिनमध्ये व्हावे. त्यास कोणाचीही आडकाठी नाही. साल्वे रेजिना गावातल्या चार-पाच म्हाताऱ्यांना अजून येत असेल. मुलींना शिकवावयास लागा.

हा मजकूर छापखान्यात जात असता आजींचे दुसरे पत्र आले. नातवाने पत्र विचारले. बिशप म्हणाले, आमच्यावर कोणी नाही, आम्ही परंपरेला जबाबदार आहोत. नातू त्यावर काही बोललेला नाही. गेल्या शनिवारी तो गावी आला होता; सायंकाळी एकटाच देवळाकडे गेला आणि विगारांच्या खोलीत तासभर बसला. काय बोलणे झाले ते त्याने घरी सांगितले नाही. रविवारी लग्नाची जाहीर सूचना वाचली गेली नाही. तरीही गुरुवारपासून आजींच्या ओसरीवर सहा मुली साल्वे रेजिना शिकत आहेत, आणि त्यांतल्या दोघींना लॅटिन आजींपेक्षा चांगले जमते, असे नातीने समासात लिहिले आहे.